वाचकांचे प्रश्न : नेटवर्किंगचा सराव पडद्यावर की टेबलावर?

या महिन्यात नेटवर्किंगच्या सरावाविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पुढच्या तिघांना त्याचा उपयोग होणार असल्याने ते तसेच ठेवले.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची नेटवर्किंगची सगळी प्रात्यक्षिके पॅकेट ट्रेसर या पडद्यावर नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर (सिम्युलेटरवर) होतात. छत्रपती संभाजीनगरमधील जुन्या मालाचा एक व्यापारी तीन राउटर, तीन स्विच आणि केबल असा ‘सीसीएनए लॅब संच’ (सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) तीस हजारांना देतो म्हणतो. सोयाबीनचे पैसे आले आहेत आणि वडील द्यायला तयार आहेत. पुण्यात नोकरीला असलेला मावसभाऊ म्हणतो की, नुसत्या पॅकेट ट्रेसरवर शिकलेल्या मुलांना मुलाखतीत कोणी विचारत नाही. संच घ्यावा का? — एक विद्यार्थी, सेलू

उत्तर : संच घेऊ नका. अशा संचांत बहुधा सिस्कोच्या २८११ सारखे राउटर असतात. त्यांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, सॉफ्टवेअर मागच्या पिढीचे, आणि व्यापारी ज्यांचे कौतुक करून भाव वाढवतो ती सिरियल कार्डे व त्यांच्या जाडजूड केबल आज एखाद्या कार्यालयात तुमच्या हाताला लागण्याची शक्यता फारच थोडी आहे. २४ फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनएची परीक्षा २००-३०१ या क्रमांकाने घेतली जाते आणि तिच्यात वायरलेस कंट्रोलर, ऑटोमेशन, जेसॉन (माहिती लिहिण्याची एक पद्धत) असे विषय आहेत, ज्यांचा सराव या जुन्या राउटरांवर होत नाही. परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर अधिक कर असे आहे. म्हणजे व्यापाऱ्याच्या हातावर ठेवायची रक्कम जवळजवळ तेवढीच भरते. विजेच्या बिलाची भीती मात्र लोक उगाच घालतात, कारण संच २०० वॅट ओढत असला तरी पाच तासांना एकच युनिट पडते. खरा त्रास पंख्यांच्या घरघरीचा आहे. भाड्याच्या खोलीत रात्री अकराला तो संच चालू केलात, तर खोलीतले मित्र सकाळी संचासकट तुम्हालाही बाहेर काढतील.

तरीही तुमच्या मावसभावाचे म्हणणे मोडीत काढता येणार नाही. सिम्युलेटरवर पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का ही चाचणी) गेले नाही की चूक कोठे आहे हे अर्धे तरी ठरलेले असते, कारण तेथे तुम्ही टाइप केलेल्या कॉन्फिगरेशनपलीकडे बिघडण्यासारखे फारसे काही नसते. पडद्यावरची केबल उंदीर कुरतडत नाही, तिचे कनेक्टर सैल होत नाहीत आणि यंत्राच्या पेटीतला वीजपुरवठा मे महिन्याच्या दुपारी दमत नाही. त्यामुळे महिनोन्महिने तिथेच सराव केलेल्या माणसाला एक सवय जडते : काहीही अडले की तो कॉन्फिगरेशन उघडून बसतो.

ही सवय मलाही होती. कापसाच्या हंगामात एका जिनिंगच्या कार्यालयातून निरोप आला की वजनकाट्यावरचा संगणक मध्येच तुटतो आणि बाहेर गाड्यांची रांग लागली आहे. कार्यालय ते काटा हे अंतर साधारण साठ मीटर, म्हणजे १०० मीटरच्या मर्यादेच्या बरेच आत. केबल नवी होती, पोर्टचा दिवा हिरवा होता, आणि आठ दिव्यांच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागत होते. केबल निर्दोष ठरवून मी दोन तास व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगवेगळे गट), आयपी, डुप्लेक्स, जे सुचेल ते बदलत राहिलो. शेवटी ‘शो इंटरफेसेस’ ही आज्ञा नीट वाचली, तेव्हा सीआरसीचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पाकिटांचा, आकडा मिनिटागणिक वाढताना दिसला. कनेक्टर डोळ्यांजवळ धरून रंग पाहिले आणि उलगडा झाला. कनेक्टरमध्ये तारा बसवण्याच्या टी-५६८-बी पद्धतीत हिरव्या जोडीच्या तारा तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर जातात आणि त्यांच्या मध्ये निळी जोडी बसते. केबल ओढणाऱ्याने दोन्ही टोकांना जोड्या सरळ ओळीने बसवल्या होत्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्हीकडे क्रम सारखाच असल्याने टेस्टरच्या दृष्टीने सगळे ठीक होते. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरचा सिग्नल आता एका हिरव्या आणि एका निळ्या तारेतून चालला होता, आणि या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नसल्याने शेजारच्या जोडीचा गोंगाट आत शिरत होता. दोन मीटरच्या पॅच कॉर्डमध्ये ही चूक वर्षानुवर्षे खपून जाते. साठ मीटरवर ती वजनकाटा बंद पाडते. दोन कनेक्टर कापून नवे लावायला पाच मिनिटे लागली.

हा धडा कोणत्याही सिम्युलेटरने मला दिला नसता. पण तो आकडा कोठे पाहायचा आणि सीआरसी म्हणजे काय, हे मला पडद्यावर अभ्यास केल्यामुळेच ठाऊक होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

सिम्युलेटर एका बाबतीत तर खऱ्या साधनांच्या पुढे आहे. राउटरवरून शेजारच्या यंत्राला पहिल्यांदा पिंग मारले की पुष्कळदा एक टिंब आणि त्यापुढे चार उद्गारचिन्हे उमटतात आणि खाली ८० टक्के यश असे लिहून येते. खऱ्या राउटरसमोर बसलेला विद्यार्थी त्या टिंबाकडे पाहतो, पुन्हा पिंग मारतो, पाचही उद्गारचिन्हे आली की समाधानाने उठतो. पॅकेट ट्रेसरच्या सिम्युलेशन मोडमध्ये हेच पायरी-पायरीने चालवा. पिंगचे पाकीट थांबलेले दिसेल, आधी एआरपीची, म्हणजे ‘हा आयपी कोणाचा, तुझा हार्डवेअर पत्ता काय’ अशी, विचारणा सगळ्यांच्या दारी जाऊन येताना दिसेल, आणि पत्ता ठाऊक नसल्याने राउटरने पहिले पिंग सोडून दिले म्हणून ते टिंब आले हे उमगेल. प्रत्येक पाकिटावर क्लिक करून कोणत्या थरात काय जोडले गेले ते उघडून पाहता येते. खऱ्या तारेवर इतके दिसायला वायरशार्क हे पाकिटे पकडून दाखवणारे सॉफ्टवेअर लावावे लागते आणि ते वाचायचा सराव वेगळा करावा लागतो.

उलट बाजूचे उदाहरणही याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्विचला केबल लावली की स्पॅनिंग ट्री या केबलींचे वर्तुळ टाळणाऱ्या व्यवस्थेमुळे पोर्ट पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि मग नारिंगी दिवा हिरवा होतो. पॅकेट ट्रेसरमध्ये हा वेळ पुढे ढकलण्याचे फास्ट फॉरवर्डचे बटण आहे आणि विद्यार्थी ते सर्रास दाबतात. खऱ्या स्विचसमोर ते बटण नसते. त्या तीस सेकंदांत संगणक डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे पत्ता मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. हे थांबणे टाळणारी पोर्टफास्ट ही आज्ञा कशासाठी आहे, हे त्या अर्ध्या मिनिटात बसून राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. मार्ग, व्हीलॅन, ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत मार्ग ठरवण्याची पद्धत), एसीएल (कोणाला जाऊ द्यायचे याची यादी), नॅट (पत्त्यांची अदलाबदल) यांचा सगळा सराव पॅकेट ट्रेसरवरच करा. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. हातासाठी क्रिंपिंग टूल, टेस्टर, पन्नास कनेक्टर आणि वीस मीटर कॅट-६ केबल घ्या. हे सगळे मेसच्या एका महिन्याच्या पैशांत बसते. त्यानंतर एक, फक्त एक, जुना मॅनेज्ड स्विच (ज्याला आज्ञा देता येतात असा) आणि यूएसबीची कन्सोल केबल घ्या. स्विच गिगाबिटचा असेल तर उत्तम. त्याने आधीच्या मालकाचा पासवर्ड आणि कॉन्फिगरेशन सोबत आणले असेल तर तुमचे पहिले प्रात्यक्षिक फुकटात मिळाले असे समजा. कन्सोलवर ९६०० हा वेग लावा, पुढचे मोड बटण दाबून धरून वीज चालू करा, आणि जुनी कॉन्फिगरेशन फाइल बाजूला सारा. कॉन्फिगरेशन पुसले तरी आधीच्या मालकाच्या व्हीलॅन तशाच दिसतील, कारण त्या व्हीलॅन डॉट डॅट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. ती फाइल स्वतंत्र उडवावी लागते.

मुलाखतीविषयी. तुम्ही कशावर शिकलात असे कोणी क्वचितच विचारते. ‘वापरकर्ता म्हणतो नेट चालत नाही, तुम्ही कोठून सुरुवात कराल?’ असे विचारतात, आणि पोर्टचा दिवा पाहण्याआधीच राउटिंग टेबल उघडणारा उमेदवार तेथेच ओळखू येतो.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे. तुकडीत २४ प्रशिक्षणार्थी आहेत. मॅनेज्ड स्विच दोनच आहेत आणि तेही जुने. संगणकांवर पॅकेट ट्रेसर चालते, पण इंटरनेटचा भरवसा नसतो. मुलांना त्यातल्या गुण देणाऱ्या सरावफाइलींत शंभर टक्के गुण मिळतात आणि खऱ्या स्विचपुढे उभी केली की हात थांबतात. वेळेची विभागणी कशी करावी? — एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : शंभर टक्के गुण आणि थांबलेले हात यांत विसंगती नाही. सरावफाइल तुमच्या शेवटच्या कॉन्फिगरेशनला गुण देते. विद्यार्थी तेथपर्यंत कसा पोहोचला हे ती विचारत नाही, आणि सूचना वाचत-वाचत आज्ञा टाइप करणाऱ्यालाही ती पूर्ण गुण देऊन मोकळी होते.

साधने कमी आहेत याची खंत करू नका, कारण दोन स्विच पुरेसे आहेत. २४ जणांच्या बारा जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला स्विचसमोर वीस मिनिटे द्या. दोन स्विचवर एकाच वेळी दोन जोड्या बसल्या की सहा फेऱ्यांत, म्हणजे दोन तासांच्या एका प्रात्यक्षिकात, सगळी तुकडी होते. उरलेले त्या वेळी पडद्यावर काम करतील. इंटरनेटचे म्हणाल, तर ते प्रयोगाला लागत नाही, फक्त लॉगिनला लागते. ज्या दिवशी नेट असेल त्या दिवशी सर्व यंत्रांवर लॉगिन टिकवून ठेवण्याचा पर्याय निवडून घ्या.

त्या वीस मिनिटांत त्यांना स्विच कॉन्फिगर करायला सांगू नका. ते त्यांनी पडद्यावर केलेलेच आहे. त्यांना बिघाड शोधायला द्या. एका सुट्टीच्या दिवशी बसून बिघडलेल्या केबलची एक पिशवी तयार करा : एकीत सातवी तार आतून तोडलेली, एकीची क्लिप मोडलेली, एकीत वर सांगितल्याप्रमाणे जोड्या फुटलेल्या, आणि एक पूर्णपणे चांगली. ही चांगली केबल पिशवीत असलीच पाहिजे, नाहीतर मुले केबललाच दोष द्यायला शिकतात. सातव्या तारेची केबल विशेष बोलकी आहे. १०० एमबीपीएसला एक, दोन, तीन आणि सहा या चारच तारा लागतात, म्हणून जुन्या स्विचवर ती बिनतक्रार चालते; गिगाबिटला आठही लागत असल्याने दोन गिगाबिट यंत्रांमध्ये तीच केबल अडते, किंवा जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. याशिवाय एखादा पोर्ट शटडाउन करून ठेवा, एखादा पोर्ट सिक्युरिटीने बंद पडू द्या, एखाद्या संगणकाचा सबनेट मास्क चुकवा.

एक अट ठेवा. हात लावण्याआधी जोडीने वहीत लिहायचे की बिघाड कोठे असावा आणि तो तसा असेल तर कोणती खूण दिसेल. मग पाहायचे. वही तुम्ही तपासा. स्विच चालू झाला की नाही याला मी फारसे गुण देणार नाही.

प्रश्न : मी जालन्यात बारा वर्षे सीसीटीव्ही आणि नेटवर्कची कामे घेतो. शिक्षण दहावी, काम हाताने शिकलो. आता एका स्टील मिलमध्ये ६४ कॅमेरे आणि कार्यालयाचे संगणक वेगवेगळे ठेवायचे आहेत आणि मालकाने मॅनेज्ड स्विच आणले आहेत. मागे एकदा सुरक्षिततेसाठी म्हणून दोन साध्या स्विचमध्ये दोन केबल लावल्या, तर सगळेच बंद पडले होते. माझ्याकडे खरी साधने रोज हाताखाली असतात. हे मुलांचे सॉफ्टवेअर मला कशाला लागेल? — एक वाचक, जालना

उत्तर : तुम्हालाच ते सर्वांत जास्त लागेल, कारण तुमचे प्रयोग गिऱ्हाइकाच्या चालू कारखान्यावर होतात.

त्या दोन केबलचे आधी सांगतो. आयपीच्या पाकिटावर एक आकडा असतो, जो प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट मरते. स्विच जी हलवतो त्या इथरनेटच्या चौकटीवर (फ्रेमवर) असा आकडा नसतो. दोन स्विचमध्ये वर्तुळ झाले की ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेली, चौकट घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते, प्रत्येक फेरीला तिच्या आणखी प्रती निघतात, आणि काही क्षणांत स्विचला दुसरे काही करायला सवडच राहत नाही. मॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री एक केबल झोपवून ठेवते आणि पहिली तुटली की तिला जागी करते. तुमच्या साध्या स्विचमध्ये ती सोय नव्हती. पॅकेट ट्रेसरमध्ये दोन स्विच घेऊन दोन केबल जोडा, ‘नो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १’ ही आज्ञा दोन्हीकडे द्या आणि सिम्युलेशन मोडमध्ये एक पिंग मारा. तुमच्याकडे तेव्हा झालेला गोंधळ तेथे संथपणे, एकेक पाऊल टाकत दिसेल, आणि मालक मागे उभा नसेल. त्याच फाइलीत कॅमेऱ्यांची व्हीलॅन १०, कार्यालयाची २० आणि दोन स्विचमधला ट्रंक (सगळ्या व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी) बांधून पाहा, आणि सगळे जमले की त्या आज्ञा कागदावर उतरवून मिलमध्ये घेऊन जा.

पण कामाचा अंदाज त्या सॉफ्टवेअरवरून बांधू नका. ६४ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने चालले तर २५६ एमबीपीएस होतात. १०० एमबीपीएसच्या अपलिंकमधून (स्विचला पुढच्या स्विचशी जोडणाऱ्या केबलमधून) ते जाणार नाहीत, आणि पडद्यावर मात्र पिंग झकास जाईल. दुसरी गोष्ट पीओईची, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देण्याची. स्विचला २४ पोर्ट आहेत म्हणून २४ कॅमेरे बसतीलच असे नाही. पेटीवर एकूण १९० वॅट लिहिले असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ वॅटसुद्धा येत नाहीत. दिवसा सगळे कॅमेरे चालतात. अंधार पडला, इन्फ्रारेड दिवे लागले, की ओढ वाढते आणि शेवटचे दोन-तीन कॅमेरे बंद-चालू होऊ लागतात. अशा तक्रारीला पुष्कळजण कॅमेरे बदलतात. तिसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल : भट्टीच्या शेडमधून तांब्याची केबल ओढू नका आणि दोन इमारतींच्या मध्येही नको. वळवाच्या पावसात एक वीज जवळ पडली की त्या केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. फायबरची काच वीज वाहून नेत नाही.

मिलमध्ये दूरवरच्या सिस्को स्विचवर बदल करताना ‘रिलोड इन १०’ अशी आज्ञा आधी देऊन ठेवा. बदल फसला आणि तुमचाच संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर उठेल आणि तुमची शेडपर्यंतची पायपीट वाचेल. बदल बरोबर ठरला की ‘रिलोड कॅन्सल’ द्या आणि मगच सेव्ह करा. आधी सेव्ह केले तर या युक्तीचा काही उपयोग नाही.

प्रश्न : जीएनएस-३ या सॉफ्टवेअरमध्ये सिस्कोच्या राउटरांचे खरे आयओएस (त्यांची कार्यप्रणाली) चालते म्हणून ते पॅकेट ट्रेसरपेक्षा चांगले, असे मित्र सांगतात. आयओएसची फाइल एका टेलिग्राम गटावर मिळते. वापरावी का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : वापरू नये. आयओएस हे परवान्याचे सॉफ्टवेअर आहे, आणि गटावर आलेल्या फाइलीत आणखी काय भरले आहे हे तुम्हाला तपासता येणार नाही. मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. जीएनएस-३ मधले डायनामिप्स जुन्या राउटरांचे आयओएस खरोखरच चालवते; पण कॅटॅलिस्ट स्विचमध्ये पाकिटे हलवण्याचे काम त्यासाठीच बनवलेल्या चिपा करतात, त्यांची नक्कल त्याला येत नाही. शिवाय आयडल-पीसीचे (राउटर रिकामा केव्हा असतो हे सांगणारे) मूल्य नीट लावले नाही तर एकच राउटर लॅपटॉपचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतो. परवान्याने मिळणारे हवे असेल तर सिस्कोच्याच मॉडेलिंग लॅब्ज या सॉफ्टवेअरची पाच नोडपर्यंतची (यंत्रांपर्यंतची) मोफत आवृत्ती आहे. मायक्रोटिक कंपनीचा सीएचआर हा आभासी राउटरही मोफत आहे. त्याचा वेग प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसवर बांधलेला असतो, पण सरावाला तेवढा पुरतो. राउटिंगचे प्रोटोकॉल शिकायचे असतील तर लिनक्सवर एफआरआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर चालवा. त्याच्या आज्ञा सिस्कोच्या आज्ञांशी बऱ्याच जुळतात. लॅपटॉपची रॅम ४ जीबी असेल तर यांतले एफआरआर किंवा सीएचआरच घ्या.